एकच खिळा

आमच्या बैठकीच्या भिंतीवर खिळा एकच होता
आणि चित्रं दोन.

रोजचं चित्र लिंबांचं.
निळ्या वाडग्यात सात पिवळी लिंबं, एकाला देठासकट पान.
आईनं ते टपालानं मागवलं होतं, ओस्लोच्या कुठल्याशा दुकानाच्या यादीतून,
ज्या हिवाळ्यात बाबांनी नवं जाळं घेणं पुढं ढकललं.
नोव्हेंबर सरता सरता आमच्याकडून सूर्य जातो
तो जानेवारीच्या अखेरीला उगवतो.
मधले दोन महिने
भिंतीचा तेवढा हातभर तुकडा पिवळा.
आई येता-जाता त्याकडे बघायची,
शेगडी पेटती आहे ना, हे बघावं तशी.

दुसरं चित्र तोरफिनचं.
तोरफिन गावात टपाल वाटायचा
आणि उरल्या वेळात समुद्र रंगवायचा.
कुणाचं लग्न झालं की समुद्र,
मूल झालं की समुद्र,
गुनवोरचा नवरा बुडाला तेव्हाही,
थोडे महिने जाऊ देऊन, एक लहान समुद्र.
सगळे शेवाळी हिरवे. सगळे डावीकडे कललेले.
"टेकू लावा रे कुणीतरी, सोफा भिजेल," आई म्हणायची.
बाबा एकदाच बोलले, जाळं सांधता सांधता, मान वर न करता,
"बोटीतून असाच दिसतो."
त्यावर कुणी काही म्हटलं नाही.

तर तोरफिन यायचा मंगळवारी आणि शुक्रवारी.
फाटकापाशी त्याची बर्फगाडी कुरकुरली
की घरात धांदल.
लिंबं उतरव, सोफ्यामागचा समुद्र काढ,
फडकं मार, अगं दोरी, दोरी नीट अडकली नाही,
मी सोफ्याच्या हातावर चढलेली, आई खालून माझे घोटे धरून,
आणि बाहेर तोरफिन पायरीवर बूट आपटतोय,
उजवा, डावा, परत उजवा,
टोपी झटकतोय, खोकतोय,
मग पुन्हा डावा.
आत येईपर्यंत समुद्र जागेवर.
साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायचा,
भिंतीकडे एकदा बघायचा. एकदाच.
चित्राचा विषय त्यानं कधी काढला नाही.

हे फक्त आमच्याच घरी चालतं असं मला वाटायचं.
मग एकदा हिल्देगुनकडे खेळत असताना
तिची आई ओरडली, "आला गं, आला!"
आणि हिल्देगुननं कपाटावरून खाली ओढला
त्यांचा समुद्र, धुळीसकट.
आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तो गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
घर आवरायला बायका गेल्या, मीही गेले.
भिंती मोकळ्या. एकही समुद्र नाही.
मच्छीमार सोसायटीचं एक कॅलेंडर,
तीन वर्षांपूर्वीचं, मार्चवर थांबलेलं.
गुनवोर बशा कागदात गुंडाळत होती.
म्हणाली, "स्वतःच्या दारात कधी बूट आपटले नाहीत यानं.
तसाच शिरायचा आत, बर्फ घेऊन.
फळ्या बघा कशा कुजल्यात."

बायका हसल्या.
मग एकेक करून थांबल्या.
आईनं हातातला कप पुसला,
ठेवला,
परत उचलून पुसला.

आता मी ट्रोम्सोला, चौथ्या मजल्यावर.
लिंबं आईपाशी राहिली, ती तिला हवीच होती.
समुद्र मी मागून घेतला.
येणारे-जाणारे चौकट सरळ करू पाहतात,
मी सांगते, चौकट सरळच आहे.

जिन्यात कुणी बूट आपटले
की अजून माझा हात खिळ्याकडे जातो.
असू दे, लागलेलंच आहे, मी स्वतःला म्हणते,
आणि तरीही दार उघडायला
जरा उशीर करते.